दसऱ्याआधी घरच्या घरी गाडीचं पॉलिश: घासायचं किती आणि थांबायचं कुठे

आमच्या सोसायटीत रोज सकाळी साडेसहाला गाड्या पुसणारा मुलगा येतो. एक बादली, एक फडकं आणि अकरा गाड्या. पहिल्या दोन गाड्यांना पाणी मिळतं, पुढच्या नऊ गाड्यांना चिखल. दोष त्याचा नाही, महिन्याला आपण देतो त्या पैशांत तो दर गाडीमागे बादली बदलेल ही अपेक्षाच चुकीची. पण संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च लावून बोनेटकडे तिरकं बघा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर हमखास. या रेघा रस्त्यावर पडलेल्या नसतात, रोजच्या पुसण्यातून पडलेल्या असतात. सुक्या धुळीवरून फिरवलेलं फडकं म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपरच.

नवरात्र जवळ आलं की सगळ्यांना गाडी चमकवायची घाई होते. कंपाउंडची डबी आणायची, बनियनचा तुकडा घ्यायचा आणि दंड दुखेपर्यंत घासायचं. मीही तेच केलं होतं, ते पुढे सांगतो. त्याआधी आपण नक्की काय घासतो ते बघू.

पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला पेंटर ‘क्लिअर’ म्हणतात. चमक या क्लिअरची. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते आणि त्यात क्लिअरचा वाटा असतो 40-50 मायक्रॉनच्या आसपास. डोक्यावरचा केस याहून जाड. पॉलिश करताना आपण गाडीवर काही चढवत नाही. रेघेच्या दोन्ही कडांचं क्लिअर अगदी थोडं झिजवून पृष्ठभाग सपाट करतो, म्हणजे प्रकाश विखुरत नाही आणि गाडी चमकते. चढवायचं ते नंतर, वॅक्स. त्यामुळे दरवर्षी कंपाउंड मारायची सवय असेल तर ती आधी सोडा.

शनिवार: धुणं

काम दोन दिवसांत विभागा आणि सावलीत करा. बोनेटवर तळहात ठेवून बघा, गार लागलं तरच सुरुवात करायची. गरम पत्र्यावर शाम्पू वाळतो आणि डाग धरतो.

सोसायटीत पाइप लावायला मनाई असेल तरी अडत नाही. बागेत फवारायचा हाताने हवा भरायचा छोटा पंप असतो ना, तो फार कामाचा. आधी पूर्ण गाडी नुसत्या पाण्याने भिजवून पाच मिनिटं तशीच ठेवा. जेवढी माती स्पर्शाशिवाय वाहून जाईल तेवढ्या रेघा वाचल्या. मडगार्डच्या आतल्या बाजूला पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला असतो, तोही आत्ताच काढा. चाकं पहिल्यांदा धुवायची, वेगळ्या फडक्याने. ब्रेकची काळी भुकटी लागलेलं फडकं पुन्हा रंगाला लावायचं नाही.

मग दोन बादल्या. एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून माती सोडायची आणि मगच परत शाम्पूत. टपापासून खाली यायचं, दारांचा खालचा पट्टा आणि बंपर शेवटी. गोल गोल नाही, सरळ हात फिरवायचा. भांड्यांचं लिक्विड रोजच्या धुण्याला नको, ते वॅक्स उतरवतं. धुऊन झाल्यावर दुसऱ्या बादलीच्या तळाशी बघा. बोटाला करकर लागते ती वाळू एरवी बोनेटवर फिरत असते.

पुसताना जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून टेकवायचा आणि उचलायचा. बोअरचं पाणी असेल तर वाट बघू नका. थेंब वाळले की क्षारांचे पांढरे गोल उरतात. जुने गोल साध्या धुण्याने जात नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून त्यात फडकं भिजवा, डागावर मिनिटभर ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा.

कबुतराची शीट नखाने खरवडायची नाही. ती आम्लयुक्त असते, शिवाय तिच्यात खडे असतात. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवलं की ती फुगून सुटते. खालच्या पट्ट्यावरचे डांबराचे ठिपके रॉकेलने निघतात, पण ते हल्ली कोणाच्या घरात असतं? स्वयंपाकाच्या तेलाचं बोट लावून ठेवा, डांबर मऊ पडतं. मग पुसा आणि तेवढा भाग शाम्पूने पुन्हा धुवा.

आता एक गंमत. धुतलेल्या गाडीवर हात प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून फिरवा. गुळगुळीत वाटणारा रंग खरखरीत लागेल. ब्रेकचे, रेल्वेचे, कारखान्यांचे लोखंडी कण रंगात रुतून बसलेले असतात आणि ते धुण्याने निघत नाहीत. त्यासाठी क्ले बार, म्हणजे मातीसारखी चिकट वडी. गाडीवर शाम्पूचं पातळ पाणी सढळ हाताने फवारायचं आणि वडी चपटी करून, दाब न देता, सरळ रेषेत फिरवायची. सुरुवातीला अडखळते, मग अलगद सरकायला लागते. दर थोड्या वेळाने घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. वडी जमिनीवर पडली तर सरळ कचऱ्यात टाका. जीवावर येतं, कारण ती स्वस्त नसते, पण तिला चिकटलेला एक खडा अख्ख्या दारावर ओरखडा ओढतो.

रविवार: पॉलिश

दुकानात तीन डब्या शेजारी शेजारी असतात आणि दुकानदार तिन्हींना ‘पॉलिश’च म्हणतो. कंपाउंड खरबरीत, ते खोल रेघा काढतं. पॉलिश बारीक, ते धूसरपणा घालवून चमक आणतं. वॅक्स झिजवत नाही, वर संरक्षणाचा थर देतं. पाच-सहा वर्षांच्या बऱ्या स्थितीतल्या गाडीला बहुतेक वेळा कंपाउंड लागतच नाही. आधी हातभर जागेवर नुसतं पॉलिश वापरून बघा. टॉर्चखाली समाधान झालं तर तेच गाडीभर करा. मॅट रंगाच्या गाडीला मात्र यातलं काहीच लावू नका, ती चकाकायला लागेल आणि मॅटपणा परत येणार नाही.

ओरखड्याची परीक्षा नखाने करायची. आडवं नख फिरवताना अडकलं तर तो ओरखडा पॉलिशच्या हाताबाहेरचा, तिथे टचिंगच लागेल. नुसता दिसतो पण नखाला लागत नाही, तो बहुधा जाईल.

हाताने करणार असाल तर फोमचं पॅड घ्या, जुनं बनियन नको. मशीन घेणार असाल तर ‘डीए’ प्रकारचं, ज्याचं पॅड फिरतं आणि डोलतंही. गॅरेजमध्ये दिसतं ते नुसतं गरगर फिरणारं रोटरी मशीन शिकाऊ हातात धोक्याचं, कारण एका जागी थांबलं की रंग तापतो आणि क्लिअर जळतं.

काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबर, बॅज आणि पत्र्याच्या सगळ्या कडा मास्किंग टेपने झाका. कडांवर रंगाचा थर मुळातच पातळ असतो आणि तिथे पॅडचा दाब एका रेषेवर येतो. माझी फसगत इथेच झाली. पहिल्याच वर्षी, टेपचे पैसे वाचवून, मी बोनेटच्या मधल्या उंचवट्यावर कंपाउंड मनापासून घासलं. पॅडवर निळसर छटा आली तेव्हा वाटलं, वा, जुना मळ निघतोय! तो मळ नव्हता, माझ्या गाडीचा रंग होता. क्लिअर संपून मी खाली पोचलो होतो. चार बोटांएवढा फिका पट्टा उरला आणि शेवटी पूर्ण बोनेट पेंटरकडून रंगवून घ्यावं लागलं. क्लिअर असलेल्या गाडीचा रंग पॅडवर दिसला की त्या क्षणी हात थांबवायचा. जुन्या, क्लिअर नसलेल्या साध्या रंगाच्या गाड्यांत मात्र पॅड थोडं रंगतंच.

आता कृती. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन. पॅडवर हरभऱ्याच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद ठेवूनच पॅड पत्र्यावर टेकवा, नाहीतर शिंतोडे शेजाऱ्याच्या गाडीवर. कमी वेगात थेंब पसरवा, मग वेग मध्यम करून आधी आडवे आणि मग उभे पट्टे मारा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवत. हात सावकाश, सेकंदाला इंचभर. मशीनच्या वजनात थोडासाच दाब मिळवायचा. आडवं-उभं दोनदा झालं की पुसून टॉर्च लावून बघा. चार रेघा उरल्या तर उरू द्या. त्यांच्यामागे लागलं की माझ्यासारखं होतं. पॅड चिकट व्हायला लागलं की ब्रशने साफ करा किंवा बदला.

संपूर्ण गाडीला मशीनने चार-पाच तास जातात, हाताने दोन रविवार धरा. हाताने करणाऱ्याने बोनेट, डिकी आणि दारांचे वरचे भाग केले तरी पुष्कळ. टपाकडे कोण बघतंय?

वॅक्स

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती जाड थराची. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं आणि ते इतकं कडक असतं की डबीत त्याला तेल, सॉल्व्हंट मिसळून मऊ करावं लागतं. थर जाड दिला तर तो नीट वाळत नाही आणि पुसताना चिकटतो. दिसेल न दिसेल इतकं पातळ लावा. बोट फिरवून बघा. जागा स्वच्छ चमकली तर पुसायची वेळ झाली, बोटामागे फराटा ओढला गेला तर अजून थांबा. स्वच्छ, कोऱ्या मायक्रोफायबरने पुसा.

उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर हा थर दोन-तीन महिने टिकतो. पाणी टाकल्यावर मोत्यासारखे थेंब होण्याऐवजी चादर पसरायला लागली की समजा, पुन्हा वॅक्सची वेळ आली. फक्त वॅक्सची, पॉलिशची नव्हे. नुकताच रंग मारलेल्या भागाला मात्र एवढ्यात वॅक्स लावू नका, किती दिवस थांबायचं ते पेंटरला विचारा.

पिवळट हेडलाइट हे वेगळं प्रकरण. ते पॉलिकार्बोनेटचे असतात आणि उन्हाने वरचा थर खराब होतो. 1000, मग 2000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत घासून, पॉलिश करून ते काचेसारखे होतात, पण वरून यूव्ही संरक्षणाचा थर दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळे.

आतल्या भागाचं थोडक्यात. व्हॅक्यूम आधी, ओलं फडकं नंतर. डॅशबोर्डवर तेलकट चकाकी आणणारं काही फवारू नका, दुपारी तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून डोळ्यांना त्रास होतो. स्टिअरिंग आणि पेडलला तर मुळीच नको, हातपाय घसरतील. टायरचं पॉलिश फक्त बाजूला, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर नाही. आणि बोनेट उघडलंच आहे तर वायपरच्या खालची जाळी बघा. पावसाळाभर तिथे कुजलेली पानं साठतात, निचरा तुंबतो आणि पाणी आत शिरतं.

राहिली पूजा. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला बोनेटवर स्वस्तिक काढायचं तर कुंकू कोरडं नको, पाण्यात कालवून बोटाने लावा. कोरडं कुंकू नंतर कुणीतरी सुक्या हाताने झटकतं. संध्याकाळी पाण्याने वाहून घालवा. हळदीची पिवळी झाक राहिली तर घासत बसू नका, हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो. झेंडूचं तोरण तारेने न बांधता सुती दोऱ्याने बांधा आणि दोन दिवसांत सोडा. वाऱ्याने हलणाऱ्या तारेचं टोक नव्या पॉलिशवर पहिली रेघ ओढतं.