इंजिन नंतर बघा, आधी त्याचं वायरिंग बघा

जुनी कार्बोरेटरची मारुती जिप्सी घेऊन आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, 'इंजिन बदलायचंच आहे, तर एमपीएफआयचं टाकू का?' म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं, इंजेक्शनचं इंजिन. मी उलट विचारतो, 'इंजिनासोबत काय काय मिळतंय?'

मानवतचा एकजण भंगारातून इंजिन घेऊन आला. इंजिन ठणठणीत, पण विकणाऱ्यानं वायरिंग ईसीएमपासून (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) वीतभर ठेवून कापलेलं. मी एकेक वायर जुळवत चार दिवस बसलो. गाडी सुरू व्हायची अन् रेस सोडली की बंद. शेवटी सापडलं काय, तर एका सेन्सरची अर्थिंगची वायर मीच भलत्या वायरीला जोडली होती. तेव्हापासून माझा नियम: अख्खं वायरिंग, ईसीएम, सगळे सेन्सर अन् टाकीतला पंप मिळत असेल तरच इंजेक्शन. इमोबिलायझर (मूळ चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं कुलूप) असेल तर ती चावीसुद्धा. यातलं एक जरी कमी असेल तर निमूट कार्बोरेटर.

इंजेक्शन टाकताना पेट्रोलची लाईन पूर्ण नवी घ्या. कार्बोरेटरचा पंप जेमतेम पाव-अर्धा बार प्रेशर देतो, इंजेक्शनला अडीच-तीन बार लागतं. जुना रबरी पाईप तेवढ्यात फुटतो, अन् गरम सायलेन्सरवर पेट्रोल उडालं की संपलंच. उरलेलं पेट्रोल टाकीकडं परत नेणारी रिटर्न लाईन लागते का, तेही बघा. उलट, इंजेक्शनचा पंप तसाच कार्बोरेटरला जोडू नका. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई एवढं प्रेशर धरत नाही, पेट्रोल वरून वाहतं.

कार्बोरेटरच ठेवायचा तर आपल्याकडचा मे महिना ध्यानात घ्या. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत गाडी दहा मिनिटं उभी केली की पाईपमधलं पेट्रोल उकळतं, मग सेल्फ मारत बसा. पाईप सायलेन्सरपासून लांब घ्या, कार्बोरेटरखालचं जाड इन्सुलेटर पॅकिंग नवं टाका. तरी अडलीच तर पंपावर ओलं फडकं. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, बुजलं तर हवा मारा, तार घालू नका. भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलं. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्यानं मिश्रण पातळ होतं. ऑक्सिजन सेन्सरवालं इंजेक्शन ते आपोआप सांभाळून घेतं, कार्बोरेटरला जेट बदलावं लागतं. जुने डायफ्रामही (आतले रबरी पडदे) बदलून नवे टाका.

गाडी शेतातल्या आखाड्यावर उभी राहत असेल तर माझं मत कार्बोरेटरकडंच झुकतं. तिथं उंदरं वायरी कुरतडतात. कार्बोरेटरच्या गाडीची कुरतडलेली वायर गावातला इलेक्ट्रिशियन जोडून देतो. इंजेक्शनची गाडी टोचन करून परभणीला आणावी लागते.

आरटीओची परवानगी इंजिन बदलायच्या आधी घ्या, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. भंगारवाल्याकडून इंजिनाची पावती नसेल तर तिथंच थांबा.

अन् पैसे द्यायच्या आधी त्याच्याच दारात बॅटरी जोडून चावी फिरवा. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे, इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर बल्ब कुणीतरी मुद्दाम काढलेला असू शकतो.