अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकायचंय? आधी हे फुकटचं वाचा

बीए-एमएला अर्थशास्त्र घेतलेली मुलं हमखास विचारतात, 'दादा, क्लास कुठला लावू?' मी सांगतो, आधी एनसीईआरटीचं अकरावीचं 'स्टॅटिस्टिक्स फॉर इकॉनॉमिक्स' डाउनलोड कर आणि त्यातलं निर्देशांकांचं, म्हणजे भावांसारख्या गोष्टींतला बदल एका आकड्यात मोजण्याचं, प्रकरण वाच. पीडीएफ फुकट मिळते. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं, आता पोट आकडेवारीवरच चालतं, आणि तरीही एखादी संकल्पना सैल वाटली की मी याच पुस्तकाकडे वळतो.

निर्देशांकांपासूनच सुरुवात का? कारण तिथे दोन्ही विषय एकाच गणितात भेटतात. २०१२ हे पायाभूत, म्हणजे तुलनेचं, वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार, म्हणजे घरखर्चातला वाटा, ग्रामीण भागासाठी ५४.१८ टक्के होता, शहरी भागासाठी ३६.२९. समजा, खाण्यापिण्याच्या वस्तू सरसकट १० टक्क्यांनी महागल्या आणि बाकी सगळे भाव जागच्या जागी राहिले. गावातली महागाई साधारण ५.४ टक्के भरेल, शहरातली ३.६. भाववाढ तीच, झळ मात्र वेगळी. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने केलं की भारित सरासरी पाठ करावी लागत नाही. शिवाय उत्पन्न वाढतं तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, हा एंगेलचा नियमही आपोआप डोक्यात बसतो.

संख्याशास्त्राचा पाया खान अकॅडमीच्या मोफत संकेतस्थळावर पक्का होतो. एखादी सांख्यिकी चाचणी नेमकी काय करते हे समजत नसेल, तर यूट्यूबवर स्टॅटक्वेस्ट हे चॅनल बघा. संभाव्यतेसाठी ब्राउन विद्यापीठाचं सीइंग थिअरी हे संकेतस्थळ मला फार आवडतं: नाणं उडवत राहायचं आणि प्रमाण निम्म्याकडे सरकताना डोळ्यांनी बघायचं.

अर्थशास्त्रासाठी कोअर या प्रकल्पाचं 'द इकॉनॉमी' हे पाठ्यपुस्तक ऑनलाइन मोफत वाचता येतं. मागणी-पुरवठ्याच्या रेषांनी सुरुवात न करता ते इतिहास आणि विषमतेपासून सुरू होतं, म्हणून कंटाळा येत नाही. त्यांचंच 'डूइंग इकॉनॉमिक्स' घेऊन बसलात तर खरी आकडेवारी एक्सेलमध्ये किंवा आर (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताळायला शिकाल. एमआयटी ओपनकोर्सवेअरवर अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांचा जागतिक गरिबीवरचा कोर्स आहे. तो दुसऱ्या वर्षानंतर घ्या, जास्त पचेल.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर ती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही ऑनलाइन आहेत. व्याख्यान ऐकताना एक टॅब तिथे उघडी ठेवा.

नोंदींबद्दल मात्र मी आग्रही आहे. व्हिडिओ नुसता बघून काही राहत नाही. कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात रुजवलेली पद्धत वापरा. पानाच्या डावीकडे अरुंद रकाना, उजवीकडे रुंद, खाली चार ओळींची जागा. उजवीकडे व्याख्यानातले मुद्दे आणि आकृत्या. डावीकडे त्याच दिवशी, मराठीत, प्रश्न: 'गावात अन्नाचा भार जास्त का?' खाली सारांश, तोही पुस्तक मिटून. दुसऱ्या दिवशी उजवा रकाना झाकायचा आणि डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्यायची. जिथे अडखळाल, तेवढंच पुन्हा वाचायचं. ऑब्सिडियनसारखं ॲप वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे आणि नोंदी एकमेकींना जोडायला छान आहे. पण आलेख कागदावरच काढा. वक्र कुठे आणि का सरकतो हे हाताला कळावं लागतं.

मग सरकारी आकडेवारीत उतरा. २०२२-२३च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९ रुपये निघाला. या सरासऱ्या आहेत. अहवालात पुढे खर्चाच्या गटांनुसार तक्ते आहेत. तळाचा आणि वरचा गट शेजारी मांडून बघा, सरासरी काय काय झाकते ते दिसेल. असे तक्ते वाचता येणं हेच नोकरीत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, निदान मला तरी पडलं.

प्रमाणपत्र हवं असेल तर स्वयम आणि एनपीटीईएल ही ऑनलाइन कोर्सची सरकारी व्यासपीठं आहेत. शिकणं फुकट, परीक्षेला मात्र फी लागते. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयममधून घेता येतात. तुमचं कॉलेज कुठले कोर्स धरतं, हे नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांना विचारून घ्या.