पाय कापल्यानंतरच्या व्यायामाची पूर्वतयारी

व्यायामाला लागण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: जखम पुरेशी भरली आहे का, स्टंपवर (कापल्यानंतर उरलेल्या पायाच्या भागावर) किती भार चालेल आणि हृदयाला किती श्रम झेपतील. पाय मधुमेहामुळे किंवा रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे कापावा लागला असेल, तर तिसरा प्रश्न मुळीच टाळू नये. कारण अशा रुग्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्याही अनेकदा निरोगी नसतात आणि कृत्रिम पायाने चालण्यास, विशेषतः पाय गुडघ्याच्या वर कापलेला असल्यास, पूर्वीपेक्षा बरीच जास्त ऊर्जा खर्च होते.

खरी तयारी मात्र अंथरुणातच सुरू होते. स्टंपखाली उशी घेतली की बरे वाटते, पण त्या आरामाची किंमत पुढे मोजावी लागते: खुबा किंवा गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग कितीही ताकद कमावली तरी कृत्रिम पायावर सरळ उभे राहता येत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टने संमती दिल्यावर दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे पालथे झोपण्याची वेळ ठरवून घ्यावी. पाय गुडघ्याच्या खाली कापलेला असेल, तर चाकांच्या खुर्चीत स्टंपला आधार देणारी फळी बसवावी, म्हणजे गुडघा तासन्‌तास लोंबकळत राहणार नाही.

जागा निवडताना हात असलेली, चाके नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, समोर पकडायला भक्कम आधार असावा आणि जमिनीवरील चटया, वायरी उचलाव्यात. रात्री अर्धवट झोपेत आपल्याला दोन्ही पाय आहेत असे समजून उठणारे पडतात, हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावे. पडल्यावर जमिनीवरून उठायचे कसे, हे आधीच शिकून घेतलेले बरे.

लहान आरसा हाताशी ठेवावा आणि कृत्रिम पाय घालण्यापूर्वी व काढल्यानंतर स्टंपचे टोक, व्रणाची रेषा आणि मागची बाजू पाहावी. लाली थोड्या वेळात ओसरली नाही किंवा फोड आला, तर पाय पुन्हा घालू नये, तो बसवणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावा. स्टंपचा आकार दिवसभरात बदलतो. तो लहान झाला की सॉकेट (कृत्रिम पायाचा, स्टंप ज्यात बसतो तो खोलगट भाग) सैल होऊन स्टंप आत खोल जातो, म्हणून कमी-अधिक जाडीचे स्टंप-मोजे सोबत हवेत. दुसऱ्या पायाचा विसर पडू देऊ नये: त्याच्यावर आता दुप्पट जबाबदारी आहे, तेव्हा त्या पावलाचा तळवाही रोज तपासावा आणि नीट बसणारा बूट घालावा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामापूर्वी साखर मोजावी आणि ती ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास आधी काही खावे.

कृत्रिम पाय मिळाल्यावर पहिल्या दिवसाचे मोजमाप लिहून ठेवावे. खुर्चीवरून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसण्यास लागलेले सेकंद आणि दोन मिनिटांत चाललेले अंतर, एवढी नोंद पुरे. मात्र दोन्ही चाचण्या शेजारी कोणीतरी उभे असतानाच कराव्यात.