टर्बो बसवल्यावर फ्युएल प्रेशर तपासताना या चुका टाळा

रेग्युलेटरची (पेट्रोलचं प्रेशर राखणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी काढली, आयडलला गेजवर ३ बार दिसले, बॉनेट बंद! सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आयडलला इंजिन पेट्रोल पितं तरी किती? मरायला टेकलेला पंपही तेवढं पुरवतो. मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) ते फुल थ्रॉटलला, वरच्या आरपीएमवर. तिथे नॉकिंग (मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटणं) सुरू झालं की पिस्टन जायला काही सेकंद पुरतात. म्हणून प्रेशर लोडवरच मोजा, आणि तेही डायनोवर (गाडी जागेवरच लोडखाली चालवणाऱ्या यंत्रावर). हायवेवर नको.

गेज दिसावं म्हणून पेट्रोलची नळी केबिनमध्ये घेणं तर जिवावरचं काम आहे. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) इलेक्ट्रिक सेन्सर लावा, आत फक्त वायर येऊ द्या.

पंप बदलायची घाई नको, आधी आकडा काय सांगतो ते वाचा. मॅनिफोल्डशी (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांशी) जोडलेला रेग्युलेटर बूस्टइतकंच, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाइतकंच, प्रेशर वाढवतो. बेस (नळी काढल्यावरचं प्रेशर) ३ बार आणि बूस्ट १ बार असेल, तर रेलमध्ये ४ बार हवेत. बूस्ट येऊनही काटा ३ वरच राहिला, तर रेग्युलेटरची नळी निसटली किंवा चिरली आहे का बघा. ४ पर्यंत चढून आरपीएमबरोबर खाली येत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय; फिल्टर, टाकीतली जाळी, वायरिंग आणि मग पंप, या क्रमाने तपासा. ४ बार शेवटपर्यंत टिकूनही मिश्रण लीन असेल, तर दोष पंपाचा नाही. इंजेक्टरची ड्युटी सायकल (तो किती टक्के वेळ उघडा राहतो ते) बघा. ८५ टक्क्यांच्या वर गेली असेल तर इंजेक्टर लहान पडतायत.

पंपाच्या खोक्यावरच्या ताशी "२५५ लिटर"वर विसंबू नका. प्रेशर वाढलं की पंपाचा फ्लो घटतो, व्होल्टेज उतरलं की आणखी घटतो. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका बीएचपीमागे ताशी साधारण ०.२७ किलो पेट्रोल लागतं. २०० बीएचपीला ५४ किलो, म्हणजे सुमारे ७३ लिटर. त्यावर २० टक्के राखीव धरा, कारण ई२० असेल तर तेवढ्याच ताकदीला इंधन थोडं जास्त लागतं. झाले ८८ लिटर.

रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असेल तर हे घरीही मोजता येतं. इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरच्या नळीला हातपंपाने १ बार हवा द्या, पंप चालू करा आणि रिटर्नचं पेट्रोल ३० सेकंद मापाच्या कॅनमध्ये घ्या. ताशी ८८ लिटरच्या हिशोबाने ७३० मिली तरी यायला हवं. काम उघड्यावर करा, अग्निशामक हाताशी ठेवा.

कमी आलं तर नळ्या परत जागेवर जोडून, इंजिन सुरू करून, पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १३.५ आणि पंपाशी १२ व्होल्ट दिसले, तर जुनी बारीक वायर काढून फ्यूज आणि रिलेसह जाड वायर टाका. बऱ्याचदा तोच पंप पुरतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत मात्र हे फक्त टाकीतल्या पंपाच्या बाजूपुरतं. पुढच्या रेलमध्ये प्रेशर १०० बारच्या वर जातं. तिथे गेज जोडू नका, स्कॅनरवरच वाचा.