ब्रिटनमधल्या छोट्या कंपनीचा कर: मार्जिनल रिलीफ कसा काढावा

ब्रिटनमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी चालवणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात एक भीती घर करून असते: नफा ५०,००० पौंडांच्या वर एक पौंड जरी गेला, तरी सगळ्या नफ्यावर २५ टक्के कॉर्पोरेशन टॅक्स (कंपनीच्या नफ्यावरचा कर) बसेल. या भीतीने वर्षअखेरीला हाती आलेलं काम नाकारू नका. ५०,००० ते २,५०,००० पौंडांच्या दरम्यान कर उडी मारत नाही, पायरीपायरीने चढतो. ती चढण सौम्य करणारी सवलत म्हणजे मार्जिनल रिलीफ.

२०१५ पासून जवळजवळ सगळ्या कंपन्यांना एकच दर होता, आधी २० टक्के आणि २०१७ पासून १९ टक्के. ऋषी सुनक यांनी मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पात बदल जाहीर केला आणि १ एप्रिल २०२३ पासून दोन दर आले: ५०,००० पौंडांपर्यंत १९ टक्के, २,५०,००० च्या वर २५ टक्के. मधल्या कंपन्यांचा कर आधी २५ टक्क्यांनी काढायचा आणि मग त्यातून सवलत वजा करायची.

पहिलं काम: करपात्र नफा काढा. हिशोबातला नफा जसाच्या तसा घेऊ नका. त्यात वजा केलेला घसारा पुन्हा जोडा, यंत्रं-संगणकांवरचे कॅपिटल अलाउन्स (घसाऱ्याऐवजी करासाठी मिळणारी वजावट) वजा करा, ग्राहकांना जेवू घातल्याचा खर्चही नफ्यात पुन्हा जोडा. तुमचा पगार आणि कंपनीने भरलेलं पेन्शन आधीच वजा झालेलं असतं. स्वतःला दिलेला डिव्हिडंड मात्र वजा होत नाही.

दुसरं काम: आपल्या हातात किती कंपन्या आहेत ते मोजा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून थोडं थांबून वाचा. एकाच माणसाच्या नियंत्रणाखालच्या कंपन्या एकमेकींच्या 'असोसिएटेड कंपन्या' ठरतात आणि दोन्ही मर्यादा त्या सगळ्यांत समान वाटल्या जातात. कंपनी कुठल्या देशातली आहे याला महत्त्व नाही. रेडिंगमध्ये आयटी काँट्रॅक्टर म्हणून कंपनी काढली आणि पुण्यात आपल्याच नावावरची जुनी प्रायव्हेट लिमिटेड अजून चालू आहे, तर तीही मोजायची. आपल्या लोकांकडून हेच नेमकं सुटतं, कारण "तिकडचं तिकडे" असं आपण धरून चालतो आणि अकाउंटंटने विचारलं नाही तर सांगतही नाही. वर्षातले काही दिवसच ती आपल्या नियंत्रणाखाली असली, तरीही ती धरली जाते. वर्षभर कुठलाही धंदा न केलेली, बंद पडून असलेली कंपनी मात्र सोडून द्यायची.

नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या कंपन्यांचं काय? दोन्ही धंदे पैशाने, व्यवहाराने किंवा कारभाराने एकमेकांत खरोखर गुंतलेले असतील, तरच त्या एकत्र धरतात. नवऱ्याचं सॉफ्टवेअर आणि बायकोचं केटरिंग, दोन्हींचे ग्राहक, माणसं आणि पैसा वेगळा, तर नुसत्या लग्नामुळे त्या जोडल्या जात नाहीत.

तिसरं काम: मर्यादा ठरवा. एकच कंपनी असेल तर ५०,००० आणि २,५०,०००. दोन असतील तर निम्म्या, म्हणजे २५,००० आणि १,२५,०००. हिशोबाचा काळ बारा महिन्यांपेक्षा कमी असेल, तर त्या प्रमाणात आणखी कमी.

चौथं काम: सूत्र वापरा. वरच्या मर्यादेतून नफा वजा करा आणि उरलेल्या रकमेला ३/२०० ने गुणा. एवढंच. समजा, एकच कंपनी आहे आणि करपात्र नफा १,००,००० पौंड:

२५ टक्क्यांनी कर: २५,०००
सवलत: (२,५०,००० − १,००,०००) × ३/२०० = २,२५०
भरायचा कर: २२,७५०

आता तीच कंपनी, पण पुण्याची एक सोबत मोजली:

सवलत: (१,२५,००० − १,००,०००) × ३/२०० = ३७५
भरायचा कर: २४,६२५

फरक १,८७५ पौंडांचा. पुण्याच्या कंपनीने वर्षभरात एक रुपया नफा कमावला नसला तरी तो पडतोच. म्हणून दुसरं काम आधी.

कंपनीच्या नावावर शेअर असतील आणि त्यांचा डिव्हिडंड मिळत असेल, तर आणखी एक वळण आहे. त्या डिव्हिडंडवर सहसा कर नसतो, पण सवलत मोजताना तो नफ्यात मिळवावा लागतो. ८०,००० नफा आणि २०,००० डिव्हिडंड असेल, तर वरच्या मर्यादेतून १,००,००० वजा करायचे आणि आलेल्या २,२५० ला ८०/१०० ने गुणायचं: सवलत १,८००.

हे आकडे हाताशी आले की एक गोष्ट लक्षात येते. मधल्या टप्प्यात मिळवलेल्या प्रत्येक जादा पौंडावर प्रत्यक्षात २६.५ टक्के कर पडतो, कारण २५ टक्के भरायचे आणि वर दीड टक्का सवलत गमवायची. म्हणजे या टप्प्यातल्या कंपनीने पेन्शनमध्ये १०,००० पौंड भरले, तर कर २,६५० पौंडांनी कमी होतो. मात्र पैसे हिशोबाचं वर्ष संपण्याआधी प्रत्यक्ष गेलेले हवेत. बिल उशिरा पाठवण्याचा मात्र उपयोग नाही. केलेलं काम त्याच वर्षात धरलं जातं.

शेवटचं काम: सवलत मागा. सीटी ६०० या कंपनीच्या कर-विवरणपत्रात असोसिएटेड कंपन्यांची संख्या ३२६ क्रमांकाच्या रकान्यात आणि सवलतीची रक्कम ४३५ मध्ये येते. सॉफ्टवेअर रक्कम स्वतः काढतं, पण संख्या तुम्ही सांगाल तीच धरतं. एचएमआरसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याच्या, संकेतस्थळावर मार्जिनल रिलीफचं गणकयंत्र फुकट आहे. आपलं उत्तर त्याच्याशी ताडून पाहा.

विवरणपत्राला वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात, पण कराचे पैसे नऊ महिने आणि एका दिवसाच्या आत भरायचे असतात. ३१ मार्चला वर्ष संपत असेल, तर १ जानेवारीपर्यंत.