सहा इंची रीडरवर पायथॉनचं पुस्तक: शेवटी असं जमलं

कादंबऱ्यांसाठी घेतलेल्या सहा इंची ई-इंक (कागदासारख्या दिसणाऱ्या स्क्रीनच्या) रीडरवर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या पुस्तकाचं पीडीएफ टाकलं आणि डोळे पाणावले. हिशेब साधा आहे. ए४ पान २९७ मिमी उंच, माझी स्क्रीन जेमतेम १२२. म्हणजे १० पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होणार. औषधाच्या पाकिटावरचा मजकूर बरा!

मग कॅलिबर या ई-पुस्तकांच्या प्रोग्राममधून ईपब, म्हणजे स्क्रीनप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी फाइल, करून पाहिलं. पीडीएफला परिच्छेद वगैरे काही कळत नाही, कुठलं अक्षर पानावर कुठे एवढंच त्यात असतं. त्यामुळे कोडचं इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, पार गेलं. 'इफ'खालची ओळ थेट समासाला चिकटली. पायथॉनमध्ये त्या चार स्पेस गेल्या की प्रोग्रामच बिघडला.

उपाय निघाला के२पीडीएफऑप्ट या मोफत प्रोग्राममध्ये. त्याच्या फिट-विड्थ मोडमध्ये कोरे समास कापले जातात आणि पान आडवं होतं. दोन्ही बाजूंचे २५-२५ मिमी गेले की १६० मिमी रुंदीचा मजकूर १२२ मध्ये बसतो, अक्षर साडेसात पॉइंटच्या आसपास. एका पानाचे दोन-तीन तुकडे होतात, पण कोड जसाच्या तसा राहतो. रीफ्लोच्या, म्हणजे मजकूर स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे नव्याने मांडण्याच्या, मोहात मात्र पडू नका, त्यात लांब ओळी तुटतात.

आता विकत घेताना प्रकाशकाचा मूळ ईपब मिळतो का ते आधी बघतो. रंगीत आकृत्या, मोठे तक्ते असतील तर सरळ दहा इंची टॅब्लेट. रीडर पुन्हा कादंबऱ्यांकडे.