सॅक्सोफोनचा टिपेचा सूर दातांनी निघत नाही

लग्नसराईत सांगलीच्या रस्त्यावर वरातीपुढे सॅक्सोफोन वाजवताना वरचा सूर आला, की आपण रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी, दातांखाली दाबतो. मीही वर्षभर हेच केलं. खालच्या ओठाला आतून वळ उठले, सूर चिरकाच राहिला.

दाबल्याने रीड माउथपीसवर (तोंडात धरायच्या भागावर) मिटते, थरथरतच नाही. खरं काम जिभेचं आणि घशाचं आहे. शीळ घालत सूर वर नेऊन बघा: ओठ जवळपास जागेवरच, जीभ मात्र 'आ'वरून 'ई'कडे गेल्यासारखी उचलते. तेच इथे.

रोज दहा मिनिटं सगळ्यात खालचा सूर, बी फ्लॅट, धरा. बोटं न हलवता, ऑक्टेव्ह की (सूर एक सप्तक वर नेणारी कळ) न दाबता त्यातूनच वरचा बी फ्लॅट काढा, मग एफ, मग त्यावरचा बी फ्लॅट, मग डी. फुंकण्याआधी सूर मनात वाजला पाहिजे. पेटीवर ऐकून घ्या, पण ऑल्टो सॅक्सोफोनचा बी फ्लॅट पेटीवर डी फ्लॅट लागतो, हे विसरू नका. माझे चार दिवस यातच गेले!

सुरुवातीला म्हैस हंबरल्यासारखे आवाज येतात. घरच्यांनी हाकलल्यावर मी कृष्णेच्या घाटावर जायचो, आयर्विन पुलाच्या बाजूला.

हे सूर स्वच्छ निघेपर्यंत एफ शार्पच्या वरच्या सुरांच्या फिंगरिंगच्या (बोटांच्या ठेवणीच्या) मागे लागू नका. ती वाद्यागणिक बदलतात. आणि दोन नंबरची रीड मिटत असेल तर अडीच, म्हणजे थोडी कडक, लावून बघा.